फराळाच्या दिवसांत सायकल

दोन मध्यम बेसनाचे लाडू आणि वाटीभर तळलेला चिवडा म्हणजे 500 कॅलरींच्या आसपास. पासष्ट किलोचा माणूस सपाट रस्त्यावर ताशी 16 ते 19 किलोमीटर वेगाने तासभर सायकल चालवतो, तेव्हा 400 ते 450 खर्च होतात. म्हणजे सायकलने फराळ फेडायचा हिशेब जुळत नाही. फराळ आवरायचा तो बशीतच. सायकल दम टिकवायला, आणि दिवसभर बसून खाण्याचा जो आळस चढतो तो उतरवायला.

दिवाळीच्या आठवड्यात लांब राइडचा हट्ट नको. रोज 40-45 मिनिटं पुरे. नागपुरात तेव्हा सव्वासहाच्या सुमारास उजाडतं. झिरो माइलपासून सिव्हिल लाइन्समधून सेमिनरी हिल्स, तिथून फुटाळा आणि परत, एवढं चांगलं होतं. सेमिनरी हिल्सचा चढ लागायच्या आधीच गिअर हलका करा. चढावर जोर देऊन गिअर बदलला की चेन उडी मारते. सीताबर्डी, महाल, इतवारी हे गर्दीचे बाजारभाग या दिवसांत सायकलसाठी नाहीतच. नरकचतुर्दशीला पहाट अभ्यंगस्नानात जाते, तेव्हा संध्याकाळी पाचला, फटाके सुरू व्हायच्या आत चक्कर मारून या. लक्ष्मीपूजनानंतरच्या सकाळी धूर खालीच साचलेला असतो. त्या दिवशी उन्हं चढल्यावर निघा. दमा असेल तर घरीच थांबा.

त्याच सकाळी दुसरा त्रास असतो तो फुलबाजीच्या तारांचा. रस्त्यावर पडलेली जळकी तार टायरमध्ये सरळ घुसते. पंक्चर झालं की बरेच जण ट्यूब बदलतात, तार मात्र टायरमध्येच राहते आणि पुढच्या चौकात नवी ट्यूबही पंक्चर होते. म्हणून टायरच्या आतून आधी जुनं फडकं फिरवा. जिथे अडकेल तिथे तार. ती पकडीने ओढून काढा. मग ट्यूबला भोकाभोवती पॉलिशपेपर घासा, सोल्यूशनचा पातळ थर द्या आणि हाताला चिकटेनासं होईपर्यंत, चार-पाच मिनिटं, थांबा. ओल्यावरच पॅच लावला की तो हवा भरताना सुटतो. जवळ दोन टायर लिव्हर (टायर रिममधून उचकायच्या पट्ट्या), छोटा पंप आणि एक जादा ट्यूब असू द्या. सणाला पंक्चरवाला दुकान उघडून बसलेला नसतो.

हवा कमी असली तरी ट्यूब चिमटून पंक्चर होते, विशेषतः सिमेंट रोडच्या सांध्यांवर आणि कडेच्या गट्टूंच्या (पेव्हर ब्लॉकच्या) उंचवट्यावर. 35-38 मिलिमीटरच्या हायब्रिड टायरला साधारण 50 ते 70 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), जाड एमटीबी म्हणजे माउंटन बाइकच्या टायरला 35 ते 45. खरा आकडा टायरच्या बाजूवर छापलेला असतो. वर्षभर पडून असलेल्या सायकलची चेन कोरड्या फडक्याने पुसा, प्रत्येक कडीवर एक थेंब तेल सोडा, पायडल उलटं फिरवा आणि वरचं तेल पुसून टाका. न पुसलेल्या तेलाला धूळ चिकटते आणि ती चेन झिजवते. सीट इतकी उंच हवी की टाच पायडलवर ठेवली की खालच्या टोकाला पाय सरळ होईल. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे, किंवा तुम्ही जड गिअर रेटताय.

राइड पाऊण तासाची असेल तर आधी पाणी पुरे, फार तर एक केळं. थंडीत तहान कमी लागते, म्हणून तासाला अर्धा लिटर पाणी ठरवूनच प्या. परतल्यावर फराळाच्या डब्याकडे जाऊ नका, आधी पोटभर नाश्ता करा: पोहे आणि उकडलेले हरभरे, तर्री हवी तर वरचं तेल बाजूला सारून. भुकेल्या पोटी डबा उघडला की चार चकल्या कधी गेल्या ते कळत नाही. फराळ जेवणानंतर लगेच, छोट्या बशीत: एक गोड, एक तिखट, बस. घरोघरी जाताना हीच बशी एका घरी पूर्ण खा, बाकी ठिकाणी चहा बिनसाखरेचा. सांबारवडी (कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली वडी) केली असेल तर ती कढीसोबत जेवण म्हणूनच खा, जेवणावर नको. आंबिया बहाराची संत्री बाजारात असतातच. रस न काढता फोडी खा. संत्रा बर्फी मात्र फळात मोजू नका.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर राइडआधी साखर तपासा आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. घाम फुटून हात थरथरले तर लगेच उतरा, पुडी घ्या, पंधरा मिनिटं बसा. डोस किती बदलायचा ते सण सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.