पीएचडीचा गाइड निवडताना त्यांचं संशोधन कसं तपासावं

छत्रपती संभाजीनगर असो वा नांदेड, पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) पास झालेल्या मुलामुलींपुढे लगेच प्रश्न उभा राहतो: गाइड कोण घ्यायचा? मग कुणीतरी सांगतं, "त्या सरांचे दोनशे पेपर आहेत, डोळे झाकून जा." डोळे झाकू नका. पुढची चार-पाच वर्षं ज्यांच्या हाताखाली काढायची, त्यांचं काम आधी स्वतः बघून घ्या. मोबाईलवर एका दुपारी होण्यासारखं आहे.

१. आधी माणूस पक्का करा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून वेळही इथेच द्या. गुगल स्कॉलरवर (संशोधनाचे पेपर शोधायची गुगलची सोय) नुसतं 'एस. बी. जाधव' टाकलं तर रसायनशास्त्र, मराठी साहित्य आणि पशुवैद्यक अशा सगळ्या विषयांतले जाधव एकत्र येतात. प्रोफाइलमध्ये दुसऱ्याचे पेपर आपोआप जोडले जातात आणि बरेच जण ते काढत नाहीत. भौतिकशास्त्राच्या सरांच्या यादीत मध्येच ज्वारीच्या कीडनियंत्रणावरचा पेपर दिसला, तर तो उघडून कॉलेजचं नाव वाचा.

मॅडमच्या बाबतीत उलटं होतं. लग्नाआधीचे पेपर माहेरच्या आडनावाने असतात आणि निम्मं काम यादीबाहेर राहतं. दोन्ही आडनावांनी शोधा. संशोधकाची ओळख पटवणारा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक मिळाला तर काम सोपं होतं. इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राच्या 'विद्वान' पोर्टलवरही अनेक प्राध्यापकांची माहिती असते.

२. एच-इंडेक्स स्वतः काढून बघा

कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये हे माप मांडलं: जितक्या पेपरना प्रत्येकी किमान तितकी सायटेशन (इतर पेपरांनी दिलेले संदर्भ) मिळाली, तो आकडा. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा. समजा सहा पेपर आहेत आणि त्यांना २५, १२, ७, ४, २, १ अशी सायटेशन आहेत. चौथ्या पेपरपर्यंत प्रत्येकाला किमान चार मिळाली आहेत, पाचव्याला पाच नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ४. पहिल्या पेपरला २५ ऐवजी अडीचशे असती तरी उत्तर चारच राहिलं असतं. आकडा वयाप्रमाणे वाढतो, कमी कधी होत नाही, त्यामुळे निवृत्तीला आलेल्या सरांची आणि नुकत्याच लागलेल्या मॅडमची तुलना यावरून करू नका.

स्कॉलरवरचा आकडा स्कोपस या निवडक जर्नलांच्या सूचीपेक्षा बहुतेक वेळा मोठा असतो, कारण स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटमधली (जर्नलमध्ये छापण्याआधीच नेटवर टाकलेल्या पेपरमधली) सायटेशनही मोजतं. दोन उमेदवार गाइडची तुलना करताना दोघांचे आकडे एकाच ठिकाणचे घ्या.

३. विषय बदलला की माप बदलतं

गणितात पेपर कमी निघतात, संदर्भयादी आखूड असते आणि सायटेशन यायला वर्षं लागतात. वैद्यकशास्त्र किंवा मटेरियल सायन्समध्ये मोठे गट भराभर लिहितात. म्हणून गणिताच्या गाइडचा एच-इंडेक्स ८ आणि नॅनोमटेरियलवाल्यांचा ३० यावरून कोण चांगला हे ठरत नाही. तुलना त्याच विषयातल्या, साधारण तितक्याच अनुभवाच्या प्राध्यापकांशी करा. मराठी आणि इतिहासाच्या अभ्यासकांचं मोठं काम पुस्तकांत असतं, ते या मोजणीत फारसं येतच नाही.

शेतीचंही तसंच. बदनापूरच्या केंद्राचं बीडीएन ७११ हे तुरीचं वाण किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाचं एमएयूएस ७१ हे सोयाबीन मराठवाड्याच्या शिवारात पोचलं, पण शेतकऱ्याने ते पेरलं म्हणून संशोधकाला सायटेशन मिळत नाही. अशा संशोधकाच्या बाबतीत वाणं, शिफारशी, पेटंट हेही विचारा. माझ्या मते ते काम पेपरांच्या यादीपेक्षा तसूभरही कमी नाही.

४. तीन-चार पेपर उघडाच

सगळ्यात जास्त सायटेशनचा एक आणि अलीकडचे दोन-तीन घ्या. लेखकांच्या पंधरा नावांत आपले सर कुठे आहेत ते बघा: प्रयोगशाळेच्या विषयांत शेवटचं नाव बहुधा गटप्रमुखाचं असतं, गणितात मात्र नावं वर्णक्रमाने लावायची रीत आहे. सायटेशनच्या आकड्यावर टिचकी मारा. देणारे बहुतेक ते स्वतः किंवा त्यांचेच विद्यार्थी असतील तर वजन कमी धरा. जर्नल पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापणारं असेल तर सावध व्हा. यूजीसीने केअर यादी (मान्य जर्नलांची यादी) २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे संपादक मंडळ आणि जुने अंक आता स्वतःच तपासावे लागतात.

५. शेवटी शोधगंगा

शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर गाइडच्या नावाने शोधा. किती प्रबंध पूर्ण झाले, नोंदणी आणि पूर्ण झाल्याची तारीख यांत किती अंतर आहे, हे अनेक नोंदींत दिसतं. मग त्या विद्यार्थ्यांची नावं स्कॉलरवर टाका. त्यांच्या पेपरवर पहिलं नाव त्यांचंच आहे का, हे बघा. त्यातल्या एक-दोघांना फोन करून विचारा, सर प्रकरणं वाचून परत किती दिवसांत देतात.