कोल्हापुरातून परळच्या कामगार संस्थेत शिकायला जायचंय? तयारी अशी करा

ग्रॅज्युएशन झालं की आपल्याकडची पोरं एचआर करायचं म्हणून थेट पुण्यातल्या एमबीएच्या फिया विचारत सुटतात, आणि मुंबईत परळला सरकारचीच एक संस्था आहे, जिथं कामगार, कामगार कायदे आणि मालक-युनियनचे संबंध हाच मुख्य अभ्यास असतो, हे कित्येकांच्या कानावरच आलेलं नसतं. नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था. सुरू झाली 1947 साली. तिथला मास्टर ऑफ लेबर स्टडीज म्हणजे एमएलएस हा दोन वर्षांचा फुल टाइम कोर्स, मुंबई विद्यापीठाची डिग्री, आणि कुठल्याही शाखेचा ग्रॅज्युएट चालतो, त्यामुळं बीए मराठीवाल्यानं मागं राहायचं काही कारण नाही.

आधी लोखंडे कोण ते वाचून घ्या. 1884 मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सत्यशोधक माणूस, आणि 1890 मध्ये गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांनी लावून धरलेल्या मागणीमुळं. आज आपण रविवारी निवांत तांबडा-पांढरा ओरपतो ना, त्यामागं ही लढाई आहे. इंटरव्ह्यूला संस्थेच्या नावातला माणूसच माहीत नसणं मला तरी बरं वाटत नाही.

आता खरी तयारी. पुस्तकं नंतर, आधी शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जा. आपल्याकडं फौंड्री म्हणजे धातूच्या ओतकामाचे कारखाने आहेत, साखर कारखाने आहेत, इचलकरंजीत यंत्रमाग आहेत, कागलची पंचतारांकित एमआयडीसी आहे, म्हणजे कामगार संबंधांचा सगळा सिलॅबस घराभोवतीच पसरलाय आणि मुंबईतल्या पोराला हे एवढ्या जवळून बघायला मिळत नाही. ओळखीतला कोणीतरी फौंड्रीत असतोच, त्याला विचारा की कायम किती आणि कंत्राटी किती, कंत्राटदार पगार कधी करतो, पीएफ कापतात तो खरंच भरतात का, भट्टीजवळ काम करणाऱ्याला बूट-हातमोजे कोण देतं, तक्रार असली तर पहिल्यांदा कोणाकडं जातात. मुकाट ऐकून घ्या, मध्येच कायदा सांगत बसू नका. सुपरवायझरचीही बाजू ऐका, ऑर्डर वेळेत गेली नाही तर त्याच्यावर काय येतं तेपण विचारा, कारण या क्षेत्रात एकाच बाजूचं ऐकणारा माणूस टेबलावर बसून तोडगा काढू शकत नाही.

मग एक पगारस्लिप मागून घ्या (नाव झाकून, आणि त्याची परवानगी घेऊनच) आणि तिच्यावर अभ्यास करा. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता, म्हणजे जुने कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे, लागू झाल्यात, त्यात वेतनाची व्याख्या बदललीय. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. त्या स्लिपवर बेसिक किती, भत्ते किती, हिशोब मांडा, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, ती वेतनावरच ठरते) किती वाढेल बघा. ठरावीक मुदतीच्या कामगाराला आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळते, आधी सरसकट पाच वर्षं लागायची. ले-ऑफ (काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं), कामगार कपात किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची ती मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर गेली, आणि आपल्या भागातल्या बहुतेक फौंड्री त्याच्या खालीच राहतात, म्हणजे हा एक आकडा इथल्या माणसाला किती महाग पडू शकतो याचा विचार करा. संपाची 14 दिवस आधी नोटीस पूर्वी केंद्राच्या कायद्यात फक्त लोकोपयोगी सेवांना लागायची, आता सगळ्याच आस्थापनांना. वेल्फेअर ऑफिसर, म्हणजे कारखान्यात कामगारांच्या सोयी-अडचणी बघणारा अधिकारी, पूर्वी 500 कामगारांना लागायचा तो आता 250 ला लागतो, ही मात्र तुमच्या नोकरीच्या दृष्टीनं चांगली गोष्ट आहे.

जुने कायदे टाकून देऊ नका. 1947 चा औद्योगिक विवाद कायदा आणि महाराष्ट्राचा 1971 चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा समजल्याशिवाय नवीन काय बदललं ते कळतच नाही, आणि जुन्या केसेस त्यावरच उभ्या आहेत. कोल्हापुरात कामगार न्यायालय आहे, औद्योगिक न्यायालय आहे, एखाद्या दिवशी मागच्या बाकावर शांत बसून कामकाज बघून या.

आणि घरात आजोबा-चुलते कोणी मुंबईच्या कापड गिरणीत होते का ते विचारा. आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगडात तर असतीलच. 18 जानेवारी 1982 ला तिथल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि त्यातले कितीतरी परत गावाकडं आले ते कायमचेच. त्यांच्याकडून ऐकलेलं एक तासभर बोलणं नोट्सच्या चार वह्यांपेक्षा भारी पडतं. लालबाग-परळमध्ये गावकीच्या खोल्या असायच्या, तुमच्या गावाची अजून असेल तर राहण्याचं तिथंच विचारा, त्या भागातली भाडी परवडत नाहीत.

ॲडमिशनची जाहिरात दरवर्षी संस्थाच काढते, तारखा आणि निवडीची पद्धत त्याच वर्षीच्या जाहिरातीत वाचायची, मित्रानं फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर जायचं नाही.

ज्यांना नोकरी सोडून दोन वर्षं जाता येत नाही, युनियनचं काम करतायत किंवा कंपनीत आधीच आहेत, त्यांनी नोएडातल्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेची छोटी ट्रेनिंग बघावीत, तीपण सरकारचीच आहे, केंद्राची.

कागदांचं मात्र आत्ताच बघा. जात पडताळणी आणि नॉन क्रीमीलेयर ऐनवेळी होत नाही. शिवाजी विद्यापीठातून मुंबई विद्यापीठात जाणार म्हणजे मायग्रेशन सर्टिफिकेट लागणार, निकाल लागल्या लागल्या त्याचा अर्ज टाका, नाहीतर मध्ये गणपतीच्या सुट्ट्या आल्या की ते काम रखडतं.