डिझेल गाडीचे हीटर प्लग: तपासताना आणि बदलताना या चुका टाळा

डिसेंबर लागला की आमच्या गॅरेजचा फोन पहाटे सहालाच वाजायला सुरुवात होते. निफाड पट्ट्यात पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात झळकतो, द्राक्षबागांत घड वाचवायला रात्रभर शेकोट्या धुमसत असतात. आणि बागेतून घरी निघालेल्या माणसाची डिझेल गाडी काही केल्या सुरू होत नाही. फोनवरचं वाक्य ठरलेलं असतं: "भाऊ, हीटर गेलेत. चार नवीन आणून ठेवलेत. पोराला बदलायला सांगू का?"

सांगू नका. आधी तपासा, मग खोला. बावीस वर्षं हेच सांगतोय आणि दर हिवाळ्यात त्याच चुकांची तीच बिलं फाडतोय, म्हणून आज सगळं एकदा लिहून काढतो.

हीटरवर आळ घेण्याआधी धूर बघा

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनंच डिझेल पेटतं. इंजिन गार असलं की हेडचा, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचा, धातू ती उष्णता शोषून घेतो. ती तूट हीटर प्लग, म्हणजे हेडमध्ये बसवलेली विजेवर तापणारी कांडी, भरून काढतो. जुन्या इंडिकाच्या १४०५ सीसी इंजिनात डिझेल आधी एका छोट्या कोठडीत जळतं. त्या कोठडीच्या भिंती फार उष्णता खातात, म्हणून तिथे हीटरशिवाय सकाळी पान हलत नाही. नव्या कॉमन रेल इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर पडतं, तेही बारीक फवाऱ्यानं. ते इंजिन पुण्या-मुंबईच्या हवेत दोन हीटर मेलेले असले तरी बिनबोभाट सुरू होतं, मालकाला वर्षानुवर्षं पत्ताही लागत नाही. मग तो एखाद्या थंडीत महाबळेश्वरला मुक्कामाला जातो आणि सकाळी अडकतो.

सेल्फ मारताना सायलेन्सरमागे माणूस उभा करा. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल पोहोचतंय पण जळत नाही. इथे हीटरवर संशय घ्यायला जागा आहे. गाडी सुरू होऊन पहिलं अर्धं मिनिट थरथरली, मिसिंग मारून मग सरळ झाली, तर संशय आणखी पक्का. पण धूरच नसेल तर डिझेलच पोहोचत नाही. लाइनमध्ये हवा आहे, फिल्टर तुंबलाय किंवा पंपाचं काही आहे. त्या गाडीला सोन्याचे हीटर घाला, फरक पडणार नाही. आणि सेल्फच जड फिरत असेल तर बॅटरी आणि अर्थिंग बघा. मला आलेल्या "हीटर गेलेत" फोनांपैकी कितीतरी गाड्या फक्त बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी साफ करून सुरू झाल्या आहेत.

पट्टी न काढता मीटर लावणं

ही चूक शिकाऊ पोरं तर करतातच, पण वीस वर्षांचे मिस्त्रीही करतात, म्हणून जरा सविस्तर.

जुन्या गाड्यांत चारही हीटरच्या डोक्यावरून पितळेची किंवा पत्र्याची एक पट्टी गेलेली असते. रिलेतून, म्हणजे हीटरचा जाड करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचमधून, आलेला करंट त्या पट्टीनं चौघांना मिळतो. पोरगा मीटर घेतो, एक टोक पट्टीला, एक इंजिनच्या बॉडीला लावतो. मीटर ०.४ ओहम दाखवतो. "भाऊ, चांगले आहेत." दुसऱ्या हीटरवर लावतो, परत ०.४. तिसऱ्यावर, चौथ्यावर तेच. चारही पास.

अरे, चारही वेळा तू एकच गोष्ट मोजलीस. पट्टीनं सगळे एकत्र बांधलेत. एकेकाचा रेझिस्टन्स ०.८ ओहम धरला तर चौघांचा मिळून ०.२ होतो. एक पूर्ण मेला तर तिघांचा मिळून ०.२७. आणि मीटरच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या तरी साधा मीटर ०.२ किंवा ०.३ दाखवतो! म्हणजे ज्या फरकावर सगळा निकाल आहे, तो वायरींच्या रेझिस्टन्समध्ये बुडून जातो.

म्हणून पट्टी काढायची. एकेका हीटरची तार सुटी करायची. मीटरच्या वायरी आधी एकमेकींना लावून येणारा आकडा कागदावर लिहायचा आणि तो प्रत्येक मोजमापातून वजा करायचा. बॉडीकडची वायर रंगलेल्या ब्रॅकेटला नाही, हेडच्या उघड्या धातूला किंवा बॅटरीच्या निगेटिव्हला लावायची. गार हीटर साधारण अर्धा ते दीड ओहम दाखवतो. मीटर अनंत दाखवत असेल तर आतली तार तुटली, विषय संपला. चारांपैकी एकच बाकीच्यांपेक्षा बराच वेगळा असेल तर तोही जाण्याच्या वाटेवर आहे, असं मी धरतो.

माझ्याकडे डीसी क्लॅम्प मीटर आहे आणि माझा खरा भरवसा त्याच्यावर. एका हीटरच्या तारेभोवती क्लॅम्प घालून चावी फिरवली की सुरुवातीला पंधरा-वीस अँपिअर किंवा जास्त करंट जातो, आणि टोक तापत जाईल तसा उतरत दहाच्या आसपास येतो. हे उतरणं डोळ्यांनी बघितलं की हीटर जिवंत आहे हे कळतं. ओहममीटर फक्त तार शाबूत आहे एवढंच सांगतो, ती तापते का हे सांगत नाही.

बाहेर काढलेल्या हीटरला थेट बॅटरी लावणं

जुन्या १२ व्होल्टच्या हीटरला चालतं. पक्कडीत घट्ट धरा, जाड वायरनं बॅटरी लावा, काही सेकंदांत टोक लाल व्हायला हवं. आधी टोक लाल होऊन लाली वर सरकली पाहिजे. मधूनच लाल झाला आणि टोक काळं राहिलं तर तो कामाचा नाही.

पण नव्या गाड्यांत कमी व्होल्टेजचे हीटर असतात. कुणी ७ व्होल्टचा, कुणी ५ च्या आतला. त्यांना किती वेळ किती व्होल्टेज द्यायचं हे गाडीचा कंट्रोल युनिट ठरवतो, म्हणूनच ते दोन-तीन सेकंदांत तापतात. अशा हीटरला सरळ बारा व्होल्ट दिले तर डोळ्यांदेखत पांढरा होऊन फुटतो, तुकडा उडतो. व्होल्टेज बहुतेक वेळा हीटरच्या अंगावरच कोरलेलं असतं. चष्मा लावा, वाचा, मग वायर लावा. आणि सिरॅमिक टोकाचा हीटर हातातून पडला तर कितीही नवीन असो, गाडीत घालायचा नाही. केसाएवढी भेग दिसत नाही, पण तापल्यावर तेच टोक तुटून सिलिंडरमध्ये पडतं.

स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर, विसंबणाऱ्यांसाठी एवढंच: पी०६७१ ते पी०६७४ हे कोड अनुक्रमे एक ते चार नंबरच्या हीटरच्या सर्किटचे. सर्किटचे, हीटरचे नव्हे. सैल जोड, उंदरानं कुरतडलेली वायर, बिघडलेला कंट्रोल युनिट, सगळ्यांना तोच कोड येतो.

रिले विसरणं

चारही हीटर एकाच दिवशी मरत नाहीत. चारही बंद दिसले तर आधी जाड पट्टीचा फ्यूज आणि रिले बघा. रिलेच्या बाहेर बारा व्होल्ट दिसले म्हणून खूश होऊ नका, हीटर जोडलेले असताना मोजा. लोड आल्यावर तेच व्होल्टेज आठ-नऊवर कोसळत असेल तर रिलेचे पॉइंट जळालेत. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागतो म्हणजे हीटर तापतात असंही नाही. बऱ्याच गाड्यांत तो दिवा फक्त वेळ मोजतो. तो विझल्यावरही हीटर चालूच राहतात, काही गाड्यांत सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटं, धूर आणि खडखड कमी व्हावी म्हणून.

गार इंजिनावर पान्याचा जोर

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते. एका घरची गोष्ट सांगतो, नावगाव नको.

द्राक्षाचे बागायतदार. कॉमन रेल गाडी, सव्वा लाख किलोमीटर झालेली, हीटरला कधी कुणी हात लावला नव्हता. पुतण्या इंजिनिअरिंगला, हुशार पोरगा. त्यानं व्हिडिओ बघितला, चार हीटर मागवले आणि जानेवारीतल्या एका सकाळी साडेसहाला अंगणात बॉनेट उघडलं. इंजिन बर्फासारखं. पहिले दोन सुटले. तिसरा हलेना. त्यानं रॅचेटच्या दांड्यात दोन फुटी पाइप घातला. मला नंतर म्हणाला, "काका, थोडा हलला, मग एकदम हलका झाला. मला वाटलं सुटला."

तो सुटला नव्हता, तुटला होता. षटकोनी डोकं पान्याच्या गोटीत राहिलं, आटे आणि खालचा दांडा हेडमध्ये.

इथपर्यंत ठीक होतं, अजून वाचवता आलं असतं. पण घाई होती, माल पॅकहाउसला न्यायचा होता. जवळच्या एका गॅरेजमध्ये हँड ड्रिलनं तो तुकडा पोखरायचा प्रयत्न झाला. मधोमध धरायला गाइड नव्हतं. हीटरचा दांडा कडक, हेड अ‍ॅल्युमिनियमचं मऊ, त्यामुळे ड्रिल घसरून हेडमध्येच शिरलं, आणि चुरा खाली सिलिंडरमध्ये. गाडी माझ्याकडे टोचन लावून आली. हेड उतरवलं तर तीन नंबरच्या पिस्टनवर चुऱ्याच्या रेघा. हेड मशीनशॉपला गेलं, भोक मोठं करून बुश बसवला, नवीन आटे पाडले, नवीन गॅस्केट, नवीन हेड बोल्ट. ऐन हंगामात नऊ दिवस गाडी उभी. चार हीटर अडीच हजारांचे, बिल पस्तीस हजारांच्या वर गेलं. पोरगा रोज येऊन बाजूला बसायचा, एक शब्द बोलायचा नाही. मी त्याला रागावलो नाही. व्हिडिओत तो हीटर तीस सेकंदांत सुटला होता, आणि त्याआधी इंजिन गरम केलं होतं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तर माझी पद्धत अशी. गाडी सोडायला येते तेव्हाच हीटरभोवतीचा कचरा एअरनं उडवून आट्यांच्या बुडाशी गंज सोडवणारा स्प्रे मारतो आणि मालकाला सांगतो, दोन-तीन दिवस वापरा, रोज संध्याकाळी असाच मारा. मग गाडी चालवत आणायची, काटा पूर्ण वर आलेला असताना. गरम इंजिनावर, हात भाजणार नाही असे जाड हातमोजे घालून, लांब दांड्याच्या पान्यानं नव्हे, टॉर्क रेंचनं, म्हणजे किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्यानं, सोडवायचं. एम ८ (८ मिलिमीटर) आट्यांच्या हीटरला २० न्यूटन मीटर, एम १० ला ३५, त्यापुढे मी जात नाही. तेवढ्यात सुटला नाही तर थांबतो. पाव वळसा पुढे, पाव मागे, परत स्प्रे, इंजिन परत गरम, चहा, परत प्रयत्न. एका गाडीचा चौथा हीटर मी तिसऱ्या दिवशी काढला आहे. लोक म्हणतात वेळ फुकट गेला. हेड उतरवण्यापेक्षा तीन दिवस स्वस्त पडतात.

आटे सुटले तरी दांडा अडकू शकतो, कारण भोकात काजळी घट्ट बसलेली असते. तिथे पक्कडीनं उपटू नका, खालचं टोक आतच राहील. हळूहळू फिरवत वर घ्या.

बसवताना

भोकातली काजळी रीमरनं (भोक खरवडून साफ करणाऱ्या हत्यारानं) काढल्याशिवाय नवीन हीटर घालू नका. रीमरच्या खाचांत ग्रीस भरा, म्हणजे काजळी त्याला चिकटून बाहेर येते.

जुना आणि नवीन हीटर शेजारी धरून लांबी, टोक, आटे जुळवा. खोका बघून घेतलेला हीटर दोन मिलिमीटर लांब निघाला तर पिस्टनला लागू शकतो.

आधी हातानं आटे लावा, मग कंपनीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. एम १० ला साधारण १५ न्यूटन मीटरच्या घरात असतो, म्हणजे लोक आवळतात त्याच्या अर्धाही नाही. वरच्या तारेच्या नटला तर दोन-तीन पुरे.

मी चारही एकदम बदलतो. एक मेला म्हणजे उरलेल्या तिघांनीही तेवढीच वर्षं तापून काढलेली असतात.

पेट्रोलचा बोळा

एअर क्लीनरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरून गाडी सुरू करणारे अजून भेटतात. ईथरचा स्प्रे मारणारे त्यांचे सख्खे भाऊ. ज्या इंजिनात लालबुंद तापलेलं टोक आहे, तिथे पेट्रोलची वाफ पाठवली तर ती पिस्टन वर येण्याआधीच पेटते. चढणाऱ्या पिस्टनवर उलटा हातोडा बसतो. रिंगेच्या खाचा फुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी इनटेकमध्येच भडका उडतो. माझ्या गॅरेजमध्ये हे करणाऱ्या पोराला मी त्याच दिवशी घरी पाठवतो.

काढलेले हीटर भंगारात टाकणं

निघालेले हीटर नंबर लिहून ओळीनं कापडावर ठेवा, कारण इंजिनच्या आत काय चाललंय ते तीच टोकं सांगतात. टोक फुगलं असेल तर व्होल्टेज जास्त मिळतंय किंवा रिले चिकटून हीटर सतत चालू राहतोय. ओलं, तेलकट, काळं असेल तर त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आणि टोक वितळून गळालं असेल तर त्या सिलिंडरमध्ये डिझेल सोडणारा नॉझल फवारा मारायचा सोडून धार मारतोय. तीन नंबरचं टोक गळालेलं दिसलं तर नवीन हीटर खोक्यातून काढण्याआधी तीन नंबरचा नॉझल टेस्टिंगला पाठवा, आणि तो परत येईपर्यंत भोकात स्वच्छ कापडाचा बोळा घालून ठेवा.