तापात बघायचा सिनेमा

अंगात ताप असताना नवा सिनेमा लावू नये. डोकं जड असतं, कोण कुणाचा कोण हे सुधरत नाही. पाठ झालेला लावा, म्हणजे मध्ये डुलकी लागली तरी काही बिघडत नाही. माझा ठरलेला म्हणजे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला भाग, २००१ चा.

तो १७८ मिनिटांचा आहे, एका बैठकीत नकोच. सिनेमातली मंडळी रिव्हेंडेलला, म्हणजे वाटेतल्या सुरक्षित मुक्कामी, पोचली की थांबवायचा, मीठ घातलेली गरम पेज प्यायची आणि झोपायचं. मोरियाच्या खाणी दुसऱ्या दिवशी. तिथे सगळा अंधार. रात्री त्यासाठी स्क्रीन उजळ केली की डोळे ठणकतात. तो भाग दिवसाच, पडदे अर्धे ओढून.

सबटायटल्स सुरू ठेवा. नाहीतर कुजबुज ऐकायला आवाज वाढवावा आणि पुढच्याच क्षणी लढाई कानात घुसते. मोबाइल हातात धरून उताणं पडू नका, डुलकीत तो नाकावर आपटतो (अनुभव आहे). कुशीवर वळून उशीला टेकवा. जादा प्रसंगांची लांब आवृत्ती अर्ध्या तासाने मोठी आहे, ती बरं झाल्यावर.