मुस्लिम राजकारणाच्या आरंभाबद्दल लिहिताना या चुका टाळा

परीक्षांचे सराव-निबंध, दिवाळी अंकांचे लेख, व्याख्यानांच्या संहिता असे बरेच काही माझ्याकडे तपासायला येते. ब्रिटिश राजवटीत मुसलमानांचे राजकीय संघटन कसे उभे राहिले, हा विषय निघाला की चुका ठरलेल्या असतात. आजच्या भांडणात हा इतिहास रोज वापरला जातो, म्हणून त्यातली ढिलाई मला सहन होत नाही.

सगळ्यात जास्त आढळणारे वाक्य : ‘मुसलमान पहिल्यापासून काँग्रेसपासून दूर राहिले.’ कुठले मुसलमान? डिसेंबर १८८७चा शेवटचा आठवडा घ्या. मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले होते आणि अध्यक्षस्थानी मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी होते. त्याच दिवसांत, २८ डिसेंबरला, लखनौमध्ये अलीगढ कॉलेजचे संस्थापक सर सय्यद अहमद खान मुसलमानांना काँग्रेसमध्ये जाऊ नका म्हणून सांगत होते. निवडणुका आल्या तर संख्येपुढे आपला निभाव लागणार नाही आणि स्पर्धा परीक्षांनी नोकऱ्या बंगाली बाबूंकडे जातील, ही उत्तर भारतातल्या जमीनदार आणि नोकरदार घराण्यांची भीती त्यांच्या तोंडून बोलत होती. पुढच्या वर्षी त्यांनी काँग्रेसविरोधी ‘पॅट्रिऑटिक असोसिएशन’ काढली, तीत बनारसचे राजा शिवप्रसादही होते. म्हणजे ती निव्वळ मुसलमानांची आघाडी नव्हती. कलकत्त्यात सय्यद अमीर अलींची संघटना १८७७-७८ पासूनच होती. १८८६च्या काँग्रेसला तिने नकार दिला. देवबंदच्या धर्मशिक्षण केंद्राचे मौलवी रशीद अहमद गंगोही मात्र सर सय्यद यांच्या विरोधात उभे राहिले.

तय्यबजींनाही चौकटीतल्या तसबिरीसारखे वापरू नका. काँग्रेसमध्ये राहूनच अहिताच्या ठरावांना विरोध करा, असे त्यांनी सर सय्यदांना कळवले. एखाद्या विषयाला हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा एकमुखी विरोध असेल तर तो चर्चेला घेऊ नये, हा नियम १८८८ साली काँग्रेसने मान्य केला, तो त्यांच्याच आग्रहातून. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, मुसलमानांत फूट वाढते आहे हे पाहून, काँग्रेस निदान पाच वर्षे स्थगित ठेवावी असेही त्यांनी काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ह्यूमना लिहिले. एका माणसाच्या वर्षभराच्या भूमिकेत इतकी वळणे असताना अख्ख्या समाजाला एका वाक्यात बसवायची घाई कशाला?

माझी सवय साधी आहे. ‘मुसलमान’ हा शब्द आला की समासात प्रांत आणि साल लिहायचे. लिहिता आले नाही, तर वाक्य खोडायचे.

दुसरी चूक १९०६ साली स्थापन झालेल्या मुस्लिम लीगबद्दलची : ‘लीग इंग्रजांनी काढली.’ एका तरुण व्याख्यात्याने मला त्याची संहिता दाखवली होती. तीत सगळा उलगडा चार ओळींत होता : अलीगढ कॉलेजचे इंग्रज प्राचार्य आर्चबोल्ड यांनी पत्रे फिरवली, व्हाइसरॉयने शिष्टमंडळ बोलावले, लीग झाली. मी त्याला तारखा ओळीने मांडायला लावल्या. २० जुलै १९०६ला भारतमंत्री मोर्ले यांनी पार्लमेंटात कायदेमंडळांच्या सुधारणांचे सूतोवाच केले. ४ ऑगस्टला अलीगढ कॉलेजचे सचिव मोहसिन-उल-मुल्क यांनीच आर्चबोल्डना पत्र लिहून व्हाइसरॉयच्या भेटीचे विचारले. आपले शिकलेले तरुण काँग्रेसकडे झुकताहेत ही चिंता त्यात होती. आर्चबोल्ड यांचे उत्तर १० ऑगस्टचे. निवेदन सय्यद हुसेन बिलग्रामींनी लिहिले आणि १ ऑक्टोबरला आगाखानांच्या पुढारपणाखाली ३५ जण शिमल्याला व्हाइसरॉय लॉर्ड मिंटोंपुढे उभे राहिले.

‘मग इंग्रज निर्दोष?’ त्याने विचारले. अजिबात नाही. त्या दिवशी एका अधिकाऱ्याने लेडी मिंटोंना कळवले की सहा कोटी वीस लाख लोकांना राजद्रोही विरोधकांत सामील होण्यापासून मागे खेचले आहे. पुढे १९२३ साली खुद्द मौलाना मोहम्मद अलींनीही काकीनाडा काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून या भेटीला वरच्या हुकमावरून केलेला प्रयोग ठरवले. मागणी मुसलमान पुढाऱ्यांची होती आणि सरकारने ती हपापून उचलली. दोन्ही वाक्ये लागतात.

एवढे ऐकायला लोकांना वेळ नसतो, म्हणत त्याने संहिता तशीच वाचली. शेवटी एक वयस्क श्रोते उठले. सगळे शिमल्यालाच ठरले होते, तर निवेदनात बंगालच्या फाळणीचा उल्लेख का नाही, आणि ढाक्याच्या नवाब सलीमुल्लांना मुस्लिम संघटनेची स्वतःची वेगळी योजना का मांडावी लागली? व्याख्यात्याकडे उत्तर नव्हते. उत्तर तारखांतच होते. १९०५च्या फाळणीने पूर्व बंगालला नवा प्रांत मिळाला होता, तो टिकवणे ही सलीमुल्लांची निकड होती आणि शिमल्याच्या निवेदनाने ती बाजूला ठेवली. म्हणून मुस्लिम शिक्षण परिषदेचे अधिवेशन ढाक्याला भरले तेव्हा त्याला जोडून ३० डिसेंबरला राजकीय सभा झाली, विकार-उल-मुल्क अध्यक्ष झाले आणि लीग जन्मली. चार ओळींच्या उत्तरांची ओढ असलेल्यांनी हा विषय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात.

लीग जिनांनी स्थापन केली नाही. १९०६च्या डिसेंबरात ते कलकत्ता काँग्रेसमध्ये दादाभाई नौरोजींचे सचिव होते. लीगमध्ये ते १९१३ साली आले.

इंग्रज अधिकारी हंटर यांचे भारतीय मुसलमानांवरचे १८७१चे पुस्तक मुख्यतः बंगालबद्दल आहे. त्यातले मागासलेपण संयुक्त प्रांताला (आजच्या उत्तर प्रदेशाला) लावू नका. तिथे सरकारी नोकऱ्यांत मुसलमान लोकसंख्येच्या मानाने जास्त होते.

राखीव जागा आणि विभक्त मतदारसंघ एक नव्हेत. राखीव जागेत उमेदवार ठरावीक समाजाचा असतो, मतदार सगळे. १९०९च्या कायद्याने दिलेल्या विभक्त मतदारसंघात मतदारही फक्त मुसलमान.

सर सय्यदांचे १८८७चे भाषण आणि १९४७ यांच्यामध्ये सरळ रेघ मारू नका. १९११ला बंगालची फाळणी रद्द झाल्यावर लीगचा सरकारवरचा भरवसा ढळला आणि १९१३ साली तिने स्वराज्याचे ध्येय स्वीकारले.

आपल्याकडच्या लेखांत हमखास गाळला जातो तो काँग्रेस आणि लीग यांच्यातला १९१६चा लखनौ करार, कारण त्यामागे टिळक उभे होते. त्यावर लिहाल तेव्हा प्रांतवार आकडे द्या. निवडून येणाऱ्या हिंदी सभासदांपैकी मुसलमानांना पंजाबात ५० टक्के, संयुक्त प्रांतात ३०, मुंबई इलाख्यात एक तृतीयांश आणि बंगालमध्ये ४० टक्के जागा ठरल्या. बंगालमध्ये ते लोकसंख्येच्या निम्म्याहून अधिक होते, तर मुंबई आणि संयुक्त प्रांतात त्यांना संख्येपेक्षा कितीतरी जास्त मिळाले. हे आकडे शेजारी ठेवले की बंगालचे मुसलमान लीगच्याच करारावर का नाराज झाले ते दिसते.