गिल्डचा अभ्यास कसा करावा : सुरुवात लुटीच्या वाटपापासून

ऑनलाइन खेळाडूंच्या समुदायावर संशोधन करायला निघालेले विद्यार्थी बहुधा प्रश्नावली घेऊन जातात : किती तास खेळता, का खेळता, खेळातून काय मिळते? उत्तरे मिळतात, पण समुदाय हाती लागत नाही. माझ्या मते, समुदायाने स्वतःसाठी कोणते नियम केले आणि ते कशावरून बदलले, हे आधी पाहावे. त्या दृष्टीने ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळातील गिल्डइतके, म्हणजे खेळाडूंनी बांधलेल्या संघाइतके, समृद्ध अभ्यासक्षेत्र क्वचितच सापडेल.

हा खेळ नोव्हेंबर २००४मध्ये आला. त्यातील ‘मोल्टन कोअर’ या सुरुवातीच्या मोठ्या मोहिमेत, म्हणजे रेडमध्ये, चाळीस खेळाडू एकत्र उतरत. बॉस, म्हणजे मोहिमेतील बलाढ्य शत्रू, पडला की चाळीस जणांमध्ये मोजक्याच मौल्यवान वस्तू मिळत; हीच लूट. वस्तू उचलली की ती त्या पात्राला कायमची जोडली जाई, त्यामुळे ती विकता किंवा दुसऱ्याला देता येत नसे, आणि तोच बॉस पुन्हा मिळण्यासाठी आठवडाभर थांबावे लागे. फासे टाकणे किंवा वाटपाचा अधिकार एकाच्या हाती देणे, एवढी सोय खेळात होती. न्याय्य वाटप कशाला म्हणायचे, हे मात्र खेळाडूंनाच ठरवावे लागले. त्यासाठी अनेक गिल्डनी डीकेपी, अर्थात ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’, ही पद्धत स्वीकारली : मोहिमेत भाग घेऊन गुण मिळवायचे आणि वस्तू घेताना ते खर्च करायचे. ती खेळाडूंनीच १९९९च्या सुमारास ‘एव्हरक्वेस्ट’ या आधीच्या ऑनलाइन खेळात घडवलेली होती.

गिल्डमध्ये प्रवेश मिळाल्यावर सर्वप्रथम गुणांचा तक्ता मागा आणि तो पाटबंधाऱ्याच्या पाणीवाटपाचे दप्तर वाचावे तसा वाचा. शून्य-बेरजेच्या पद्धतीत चाळीस जणांच्या रेडमध्ये एखाद्याने ३९ गुणांची तलवार घेतली, तर त्याचे ३९ गुण वजा होतात आणि उरलेल्या ३९ जणांना प्रत्येकी एक गुण मिळतो. गिल्डची एकूण बेरीज शून्यच राहते. नवा सदस्य शून्यावर असतो, म्हणून नुकतीच वस्तू घेतलेल्या जुन्या सदस्याच्या तो पुढेही असू शकतो. याउलट हजेरीचे गुण नुसतेच साचत जाणाऱ्या पद्धतीत जुन्यांची गंगाजळी वाढत राहते आणि नव्यांना वर्षभर आशा उरत नाही; म्हणून काही गिल्ड दर आठवड्याला शिल्लक गुणांतून ठरावीक टक्के कापतात. ही कपात कधी सुरू झाली, तिला कोणी विरोध केला आणि त्या वेळी विरोधकांच्या खात्यात किती गुण होते, या तीन गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या की गिल्डमधील सत्तेची रचना दिसू लागते. अधिकाऱ्यांचे छोटे मंडळ वाटप करते त्या ‘लूट कौन्सिल’मध्ये तक्ता नसतो, तिथे निर्णयामागची कारणे टिपावी लागतात.

केवळ कागद वाचून मात्र भागत नाही, खेळावेच लागते. मानववंशशास्त्रज्ञ बॉनी नार्डी यांनी याच खेळाचा अभ्यास करताना स्वतः गिल्डमध्ये राहून खेळ केला आणि चीनमध्ये जाऊन तिथल्या खेळाडूंचीही भेट घेतली. नवख्या संशोधकाने उपचार करणारे पात्र निवडावे, असे मी सुचवेन, कारण कोण कुठे चुकतो आणि कोण कोणाला सावरतो, हे त्या जागेवरून सर्वांत स्पष्ट दिसते. भारतातून युरोपीय सर्व्हरवर खेळणाऱ्याने वेळेचा हिशेब आधी करावा : मध्य युरोपात रात्री आठला रेड सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात साडेबारा वाजलेले असतात.

खेळातील ‘चॅटलॉग’ची आज्ञा दिली की संभाषण मजकुराच्या फाइलमध्ये साठू लागते. त्यात तुम्हाला खासगीत पाठवलेले संदेशही येतात, त्यामुळे गिल्डप्रमुखाची परवानगी पुरेशी नाही. प्रत्येक सदस्याला स्वतंत्रपणे विचारावे. लुटीवरचा खरा वाद बहुधा व्हॉइसवर, म्हणजे तोंडी संभाषणात, होतो आणि तो फाइलमध्ये नसतो. म्हणून रेड संपताच, झोपण्यापूर्वी, टिपणे पूर्ण करावीत. प्रबंधात खेळाडूंच्या खऱ्या नावांप्रमाणेच पात्रांची नावेही बदलावीत. अनेकांची प्रतिष्ठा वर्षानुवर्षे त्याच नावाशी बांधलेली असते आणि सर्व्हरवर ते त्याच नावाने ओळखले जातात.

ऑगस्ट २०१९मध्ये खेळाचे मूळ रूप परत आणणारी ‘क्लासिक’ आवृत्ती आली आणि पुढे तिच्यात जीडीकेपी ही पद्धत फोफावली : वस्तूंचा खेळातील सोन्यात लिलाव होतो आणि जमलेले सोने सहभागी खेळाडूंत वाटले जाते. खऱ्या पैशाने सोने विकत घेण्याला यातून खतपाणी मिळते, हा तिच्यावरचा मुख्य आक्षेप. फेब्रुवारी २०२४मध्ये खेळाची निर्माती कंपनी ब्लिझार्डने ‘क्लासिक’च्या ‘सीझन ऑफ डिस्कव्हरी’ या हंगामी रूपात तिच्यावर बंदी घातली. खेळाडूंच्या वाटपपद्धतीत कंपनीने असा थेट हस्तक्षेप केल्यावर जीडीकेपीने खेळणाऱ्या गटांचे काय झाले, कोण विखुरले आणि कोण गिल्डमध्ये परतले, हा आज हाती घेण्याजोगा विषय आहे.

मुलाखती सर्वांत शेवटी घ्याव्यात, आणि सुरुवात गिल्ड सोडून गेलेल्यांपासून करावी. त्यांच्यासमोर त्यांच्या शेवटच्या महिन्याचा तक्ता ठेवून एकेका नोंदीबद्दल विचारावे : ही वस्तू कोणाला मिळायला हवी होती, आणि का?