घरची बोली वर्गात आणताना

नाशिक जिल्ह्यात सुरगाणा-पेठकडची कोकणा, बागलाण-मालेगावची अहिराणी आणि पुस्तकातली प्रमाण मराठी एकाच वर्गात भेटतात. अशा वेळी ‘माले भूक लागनी’ म्हणणाऱ्या मुलाला ‘नीट बोल’ असे सुनावले, तर त्याची भाषा सुधारत नाही, ते मूल गप्प होते. म्हणून पहिल्या आठवड्यात फळ्याचा एक कोपरा बोलींसाठी राखावा, रोज भूक, पाऊस, विहीर असा एकच शब्द घ्यावा आणि प्रत्येकाने घरचा शब्द स्वतःच्या हाताने लिहिल्यावर शेजारी प्रमाण शब्द मांडावा. लिहिलेले शिक्षकांनी खोडू नये, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर दिला आहे.

गणितासाठी कांद्याची चाळ घ्यावी. लांबी-रुंदी मुलांनीच दोरीने मोजावी, आणि किती कांदा मावेल याचा अंदाज चाळ भरणाऱ्या एखाद्या आजींना वर्गात बोलावून पडताळावा.

द्राक्षबागांच्या कामासाठी स्थलांतरित झालेल्या कुटुंबातील मूल वर्षाच्या मध्येच दाखल झाले, तर त्याच्या नावाचा उच्चार त्याच्याकडूनच शिकून घ्यावा आणि त्याच दिवशी त्याचा शब्द फळ्यावर चढवावा.